आकडा बरोबर, फ्रीक्वेन्सी चूक: एसआय ५३५१ आणि तिची लायब्ररी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे. कोड वाचून दाखवण्यात कुणालाच मजा येत नाही, म्हणून फंक्शनांची नावं बोलल्यासारखीच लिहिली आहेत.)

[००:००]

बोरी अरबहून बोलतोय. मागे घरघर ऐकू येतेय तो कूलर आहे. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आणि त्या उन्हाचा आजच्या विषयाशी संबंध आहे, पुढे येईलच.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा आवाजी निरोप आला. जसाच्या तसा सांगतो: "दादा, वायरिंग बरोबर हाय, कोड बरोबर हाय, डिस्प्लेवर ७.१०० दिसते, पण रेडिओवर कायीच भेटत नाही." त्यानं अर्डुइनो नॅनो आणि एसआय ५३५१ चिपचं छोटं बोर्ड घेऊन चाळीस मीटरचा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर बांधला होता. एरर एकही नाही. लायब्ररी घातली, फंक्शन बोलावलं, कोड चढला, डिस्प्ले लागला. मग बिघाड शोधायचा कुठे?

डिस्प्लेवर दिसतं ते आपण नॅनोला सांगितलेलं असतं. चिप काय करते आहे, ते डिस्प्लेला माहीतच नसतं. लायब्ररी वापरणारे आपण सगळे कधी ना कधी इथे फसतो, मी तर चांगला दोन आठवडे फसलो होतो. म्हणून आज लायब्ररीच्या आत डोकावू.

[०२:४०]

आधी जुना रेडिओ आठवा. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर लागायची, तेव्हा काटा फिरवला की आत गँग फिरायचा. तो गँग एकाच वेळी दोन कामं करायचा. एक, अँटेनाकडून ५८५ निवडायचं. दुसरं, रेडिओच्या आतल्या छोट्या ऑसिलेटरला १०४० किलोहर्ट्झवर न्यायचं. कारण १०४० वजा ५८५ म्हणजे ४५५, आणि पुढच्या आयएफटी ४५५ वर बसवलेल्या. तुम्ही स्टेशन लावत होतात म्हणजे खरं तर तो आतला ऑसिलेटर हलवत होतात. तो उन्हात सरकला की स्टेशन सरकायचं, मग पुन्हा काटा हलवायचा. मेकॅनिककडे 'ट्यूनिंग करून द्या' म्हणून रेडिओ जायचा, तो बऱ्याचदा याच दुखण्यासाठी.

एसआय ५३५१ हा त्या आतल्या ऑसिलेटरचा आजचा अवतार. दहा पायांची, नखाएवढी चिप. हौशी मंडळी 'ए' प्रकार वापरतात, त्यात तीन आउटपुट असतात. मूळ कंपनी सिलिकॉन लॅब्ज, २०२१ पासून हा धंदा स्कायवर्क्सकडे आहे. सोबत एक क्रिस्टल, आणि नॅनोशी दोन तारा: एसडीए ए४ ला, एससीएल ए५ ला. चिप ३.३ व्होल्टची आहे. बहुतेक तयार बोर्डांवर रेग्युलेटर आणि लेव्हल बदलणारे ट्रान्झिस्टर असतात, नुसती चिप घेतली असेल तर पाच व्होल्ट थेट देऊ नका.

आपल्याकडे ही जोडी घरोघरी पोचवण्याचं मोठं श्रेय हैदराबादच्या अशर फरहान यांना जातं. हौशी रेडिओत त्यांचं कॉल साईन व्हीयू२ईएसई. २००३ मध्ये त्यांनी बिटएक्स नावाचा साध्या सुट्या भागांचा ट्रान्सीव्हर मांडला. पुढे बिटएक्स ४० हे तयार बोर्ड आलं आणि त्याच्यासोबत 'रॅडुइनो': एक नॅनो, एक दोन ओळींचा डिस्प्ले आणि एक एसआय ५३५१. २०१७ च्या डिसेंबरात मायक्रोबिटएक्स आला, त्यात या एकाच चिपची तिन्ही आउटपुटं कामाला लावली आहेत. जगभर हजारो लोकांनी हे सेट लावले आणि त्यांचा कोड उघडून वाचला. मीही हे त्यातूनच शिकलो.

[०६:१५]

आता आतलं गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पुढे काही नाही.

क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा. चिपच्या आत एक ऑसिलेटर आहे जो ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये धावतो, त्याला व्हीसीओ म्हणू. पीएलएल त्या व्हीसीओला क्रिस्टलशी बांधून ठेवतो, म्हणजे 'क्रिस्टलच्या बरोबर इतक्या पट धाव' असं सांगतो. ती पट अपूर्णांकात असू शकते. मग पुढे एक भाजक, तो व्हीसीओला भागून आपल्याला हवी ती फ्रीक्वेन्सी देतो. आधी पट, मग भाग. बस्स.

७.१ मेगाहर्ट्झ हवेत असं धरा. भाजक १२६ घेऊ. ७.१ गुणिले १२६ म्हणजे ८९४.६, व्हीसीओच्या हद्दीत बसलं. आता ८९४.६ ला २५ ने भागा: ३५.७८४. म्हणजे ३५ पूर्णांक ९८ छेद १२५. चिपला हा अपूर्णांक असाच देता येत नाही, तीन पूर्ण संख्यांत द्यावा लागतो. पहिली: १२८ गुणिले ३५, अधिक १२८ गुणिले ९८ भागिले १२५ चा पूर्ण भाग, वजा ५१२. म्हणजे ४४८० अधिक १०० वजा ५१२, उत्तर ४०६८. दुसरी: त्या भागाकाराची बाकी, १२५४४ वजा १२५००, म्हणजे ४४. तिसरी: छेद, १२५. या तीन संख्या आठ-आठ बिटांच्या तुकड्यांत मोडून २६ ते ३३ या रजिस्टरांत लिहायच्या. भाजकासाठी अशाच तीन संख्या ४२ ते ४९ मध्ये. मग १७७ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये पीएलएल रिसेट.

एकदा तरी हे कागदावर करून बघा. मी एका जुन्या वहीत केलं, अर्धा तास गेला, पण त्यानंतर लायब्ररीची भीती गेली.

छेद जास्तीत जास्त १०,४८,५७५ असू शकतो. म्हणजे व्हीसीओ साधारण २४ हर्ट्झच्या पायऱ्यांनी हलवता येतो, आणि १२६ ने भागल्यावर आउटपुटवर ती पायरी उरते ०.१९ हर्ट्झ. पाव हर्ट्झहूनही बारीक! गँगच्या जमान्यातल्या मेकॅनिकला हे सांगितलं असतं तर त्यानं चहा पाजून घरी पाठवलं असतं.

लायब्ररी मात्र नेमकं असं करत नाही. अर्डुइनोवर सगळ्यात जास्त चालते ती जेसन मिलड्रम यांची एथरकिट लायब्ररी. ती व्हीसीओ ८०० मेगाहर्ट्झवर उभा करून ठेवते आणि मागचा भाजक अपूर्णांकात हलवते. ७.१ साठी भाजक होतो ११२.६७६ आणि काही. रॅडुइनोच्या नंतरच्या कोडमध्येही हीच पद्धत आहे, फक्त व्हीसीओ ८७५ वर. असं का? कारण चिपमध्ये पीएलएल दोनच आणि आउटपुटं तीन. प्रत्येक आउटपुटसाठी व्हीसीओ हलवायला गेलात तर एकाचं बटण फिरवल्यावर दुसऱ्याचीही फ्रीक्वेन्सी हलेल. व्हीसीओ स्थिर ठेवला की तिघं आपापल्या भाजकावर स्वतंत्र. उलट, एकच आउटपुट हवं असेल तर वर केलं तसा पूर्ण सम भाजक आणि हलता व्हीसीओ ही रीत सिग्नल जरा स्वच्छ देते. लायब्ररीत तीही सोय आहे, पण ती आपण होऊन मागावी लागते.

[११:३०]

आता श्रोत्याच्या तक्रारीकडे. अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं कारण एककाचं. या लायब्ररीचं 'सेट फ्रेक' फंक्शन हर्ट्झमध्ये आकडा घेत नाही. ते हर्ट्झच्या शंभराव्या भागात घेतं. रुपये मागितले असं वाटतं, पण ते पैसे मोजतंय. ७.१ मेगाहर्ट्झ म्हणजे ७१ लाख हर्ट्झ, म्हणून आपण ७१ लाख लिहितो, आणि चिप इमानदारीत ७१ किलोहर्ट्झ काढत बसते. द्यायचे असतात ७१ कोटी.

बरं, हे कळलं की माणूस हुशारी करतो आणि कोडमध्ये 'फ्रीक्वेन्सी गुणिले १००' लिहून मोकळा होतो. इथे दुसरा खड्डा, आणि हा फार लबाड आहे. नॅनो असा गुणाकार ३२ बिटांत करते, चिन्हासकट. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे साधारण २१.४७ मेगाहर्ट्झपर्यंतच गुणाकार मावतो. गंमत बघा: ७ चा बँड चालतो, १४ चा चालतो, २१ चा बँड २१.४५ ला संपतो म्हणून तोही अगदी काठावर चालतो. २४ किंवा २८ ला गेलात की आकडा उलटतो आणि चिप भलतंच काही काढते. माणूस मग अँटेनाला दोष देतो, फिल्टरला देतो, सूर्यावरच्या डागांना देतो. उपाय एवढाच की शंभराच्या मागे 'यूएलएल' ही तीन अक्षरं जोडायची, म्हणजे गुणाकार ६४ बिटांत होतो.

तिसरं कारण क्रिस्टलचं. चिपला २५ चा चालतो, २७ चाही चालतो. स्वस्त बोर्डांवर कधी कधी २७ चा लावलेला येतो. क्रिस्टलच्या डबीवर आकडा छापलेला असतो, पण तो इतका बारीक की भिंग लागतं. 'इनिट' करताना क्रिस्टलच्या जागी शून्य दिलं तर लायब्ररी २५ धरून चालते. प्रत्यक्षात २७ असेल तर प्रत्येक आउटपुट ८ टक्के वर. ७.१०० सांगितलं तर निघेल ७.६६८. तिथे एकही हौशी बोलत नसतो.

यातलं कुठलं, हे ओळखायला ऑसिलोस्कोप नको. घरातला मीडियम वेव्हचा साधा रेडिओ पुरे. चिपला १००० किलोहर्ट्झ सांगा, रेडिओ बोर्डाशेजारी ठेवा आणि डायल सावकाश फिरवा. दुपारी करा, रात्री लांबची स्टेशनं मध्ये येतात. चिपच्या सिग्नलवर आवाज काही नसतो, म्हणून तो 'ऐकू' येत नाही, पण जिथे तो असतो तिथे रेडिओची खरखर एकदम दबते. खरखर १००० ला दबली तर सगळं ठीक. १०८० ला दबली तर क्रिस्टल २७ चा. आणि डायलभर जागोजागी दबत असेल तर एकक चुकलंय: चिप १० किलोहर्ट्झ काढतेय आणि तिचे हार्मोनिक डायलभर सांडलेत. कुठेच दबली नाही तर मात्र आयटूसी स्कॅनर चालवून बघा. पत्ता शून्य एक्स साठ दिसायला हवा, नाही दिसला तर बिघाड तारांत आहे.

[१७:१०]

समजा हे सगळं पार पडलं. आता राहिला तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग: क्रिस्टल खरंच २५ चा आहे का?

नसतो. डबीवर २५.००० लिहिलेलं असतं, पण क्रिस्टल नेमका तितकाच कधीच नसतो. दहा-वीस पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा-वीसचा फरक, स्वस्त क्रिस्टलमध्ये सहज असतो. शिवाय शेजारच्या कपॅसिटन्सने तो सरकतो. चिपच्या आत ६, ८ किंवा १० पिकोफॅरडची निवड आहे, ती चुकली तरी थोडा सरकतो. आणि पाव हर्ट्झची जी बारीक पायरी मघाशी मिरवली, ती या चुकीच्या क्रिस्टलवरच उभी. फूटपट्टीवर रेघा कितीही बारीक काढा, पट्टीच आखूड असेल तर काय उपयोग?

मोजायचं कसं? जीपीएसचं स्वस्त मॉड्यूल घ्या, ज्याला दर सेकंदाला एक टिचकी देणारा पाय असतो, पीपीएस. ती टिचकी उपग्रहांतल्या आण्विक घड्याळांवरून येते. चिपच्या एका आउटपुटवर २.५ मेगाहर्ट्झ काढा आणि नॅनोच्या डी५ ला द्या, तिथे टायमर १ बाहेरचे ठोके मोजू शकतो. पीपीएस डी८ ला द्या. डी८ ची खासियत अशी की टिचकी आल्या क्षणी टायमरचा आकडा हार्डवेअरच पकडून ठेवतं, प्रोग्रॅम उशिरा जागा झाला तरी बिघडत नाही. टायमर १६ बिटांचा, सेकंदात अडतीस वेळा भरून वाहतो, ते वाहणंही मोजायला विसरू नका.

दहा सेकंद मोजा. यायला हवेत २,५०,००,०००. माझ्या बोर्डाचे आले २,५०,००,३१०. म्हणजे अडीच कोटीत ३१० जास्त, १२.४ पीपीएम. लायब्ररीला ही दुरुस्ती अब्जांशात हवी असते, म्हणून आकडा १२,४००. क्रिस्टल जलद आहे म्हणून चिन्ह धन. 'सेट करेक्शन' मध्ये हा आकडा दिला की लायब्ररी क्रिस्टलची खरी किंमत धरून सगळी गणितं करते. एक सूचना: मोजताना जुनी दुरुस्ती शून्य करा, नाहीतर दुरुस्तीवर दुरुस्ती चढते.

१२.४ पीपीएम ऐकायला किरकोळ वाटतं. ७.१ मेगाहर्ट्झवर ते ८८ हर्ट्झ होतात. सिंगल साइडबँडवर समोरच्याचा आवाज ८८ हर्ट्झने सरकला की ओळखीचा माणूस अनोळखी वाटतो, कधी घोगरा, कधी नाकातून बोलल्यासारखा. आणि डब्ल्यूएसपीआरसारख्या डिजिटल पद्धतीत सगळ्यांना मिळून जागाच २०० हर्ट्झची असते, तिथे ८८ म्हणजे जवळपास अर्धी गल्ली.

आता कूलर. मी ही दुरुस्ती डिसेंबरच्या सकाळी केली होती. एप्रिलअखेर बोर्ड टिनाच्या खोलीत गेलं आणि मोजणी पुन्हा केली, तर आकडा काही पीपीएमने सरकलेला. क्रिस्टल तापमानाने सरकतोच. आपल्याकडे हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली टिनाखालची दुपार यांत तीस-पस्तीस अंशांचा फरक पडतो. म्हणून माझा सल्ला: ऋतू बदलला की दुरुस्ती पुन्हा काढा, आणि बोर्ड रेग्युलेटरच्या उष्णतेपासून लांब ठेवा. पैसे असतील तर तापमान सांभाळणारा टीसीएक्सओ लावा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे सिग्नल एकत्र जुळवायचे तर प्रत्येकीने आपापला क्रिस्टल वापरून चालत नाही, मध्यवर्ती ठिकाणचा एकच संदर्भ सगळीकडे ऑप्टिकल फायबरने पोचवावा लागतो. आपली टिनाची खोली आणि ती दुर्बीण, दुखणं एकच.

[२३:५०]

दोन-तीन गोष्टी भराभर.

लाईट जाते. गावाकडे हे सांगायला नको. लाईट गेली की चिप सगळं विसरते, आली की मुकी बसते, आउटपुट काही नाही. नॅनोने सुरू होताना 'इनिट', दुरुस्ती आणि फ्रीक्वेन्सी या क्रमाने पुन्हा द्यावंच लागतं. दुरुस्तीचा आकडा ईईप्रॉममध्ये ठेवा. शेवटची फ्रीक्वेन्सीही ठेवा, पण बटणाच्या प्रत्येक खटक्याला लिहू नका. त्या जागेचं आयुष्य एक लाख लिहिण्यांचं आहे, आणि बटण फिरवणारा पोरगा घरात असेल तर लाख व्हायला वेळ लागत नाही. बटण पाच सेकंद स्थिर राहिलं की मग लिहा.

आणि चिपचं आउटपुट चौकोनी लाट असते. रिसीव्हरच्या मिक्सरला ती चालते, उलट आवडते. पण चौकोनी लाटेत तिप्पट, पाचपट फ्रीक्वेन्सीही असतात. ७.१ ची तिप्पट २१.३, तीही हौशी बँडातच पडते आणि मूळ सिग्नलच्या एक तृतीयांश उंचीची असते. म्हणून लो पास फिल्टरशिवाय हे आउटपुट अँटेनाला जोडायचं नाही. आणि फिल्टर असला तरी परवान्याशिवाय जोडायचं नाही. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून मिळतो, परीक्षा द्यावी लागते, वय बारा पूर्ण हवं. "एवढासा सिग्नल, कोणाले समजते?" असं विचारणारे भेटतात. समजतं, बाप्पा. अनुकूल वेळी या बँडवर काही मिलिवॉट शेकडो किलोमीटर जातात, त्यातच तर या छंदाची मजा आहे. भारतात हा बँड ७.० ते ७.२ पर्यंतच आहे. दुरुस्ती न केलेली चिप घेऊन कडेला उभे राहिलात तर डिस्प्ले आत दाखवेल आणि तुम्ही बाहेर असाल.

त्या श्रोत्याला मी रेडिओची युक्ती करायला सांगितली होती. काल त्याचा निरोप आला. खरखर १०८० ला दबली. भिंगाने बघितलं, डबीवर २७.००० छापलंय. 'इनिट' मधल्या शून्याच्या जागी २७०००००० घातलं (इथे मात्र आकडा साध्या हर्ट्झमध्येच द्यायचा, उगाच शंभरने गुणू नका), आणि संध्याकाळी सात वाजता त्याला दोन माणसं बोलताना ऐकू आली. आवाज जरा नाकातला येतो म्हणाला. जीपीएसचं मॉड्यूल त्यानं मागवलंय, पार्सल यवतमाळपर्यंत आलंय.